फ्री एसएसएल लावलंय तरी साईट पुन्हा पुन्हा 'नॉट सिक्युअर'? सर्टिफिकेट बदलायच्या आधी हे बघा

लहान व्यवसायांच्या साईटी सांभाळायचं काम करतो, लॉज, होमस्टे, क्लासेस, पतसंस्था, दोनचार प्रकाशक असे सगळे आहेत त्यात. 'साईटवर लाल काहीतरी येतंय' ह्या एका तक्रारीचे फोन एवढे येतात की समोरचा बोलायला लागला की मी आधी विचारतो, सर्टिफिकेट (एसएसएल म्हणजे हेच, साईट खरंच त्या नावाची आहे आणि कनेक्शन सुरक्षित आहे हे ब्राउझरला सांगणारा दाखला) लावून किती दिवस झाले. बहुतेक वेळा तीन महिने झालेले असतात, फ्रीच्या सर्टिफिकेटची मुदत तेवढीच असते. मग लगेच 'फ्रीचं होतं ना, म्हणून गेलं, आता विकतचं घेऊन टाकू'. घ्या की, पण ज्या कारणाने फ्रीचं गेलं त्याच कारणाने विकतचंही जाणार, फक्त थोडं उशिरा.

लक्षणं: तुमच्याकडे नक्की काय दिसतंय

आधी स्क्रीनवरचा बारीक अक्षरातला एरर कोड वाचा. वरचं मोठं 'युवर कनेक्शन इज नॉट प्रायव्हेट' सगळ्यांना सारखंच येतं, त्यातून काही कळत नाही. खरी माहिती खालच्या ओळीत असते.

- 'सर्ट डेट इन्व्हॅलिड': मुदत संपली, नाहीतर बघणाऱ्याच्या मशीनची तारीख चुकलेली.
- 'सर्ट कॉमन नेम इन्व्हॅलिड': सर्टिफिकेट आहे पण दुसऱ्याच नावाचं.
- 'सर्ट अथॉरिटी इन्व्हॅलिड': ज्याने सर्टिफिकेट दिलं त्याला ब्राउझर ओळखत नाही, किंवा मधली कडी गायब आहे (ती काय ते 'नववं' मध्ये).
- 'टू मेनी रीडायरेक्ट्स': साईट गोल गोल फिरतेय.
- लॅपटॉपवर साईट मस्त उघडते, पण काही मोबाईलवर किंवा ॲपमधून उघडत नाही, किंवा पेमेंट झालं तरी साईटला कळवलं जात नाही.
- लाल पडदा नाही, पण पत्त्याशेजारी 'नॉट सिक्युअर', आणि एखाददुसरा फोटो गायब.

आणि एक 'लक्षण' जे लक्षणच नाही. 'कुलूप दिसायचं ते गेलं' असा फोन अजून येतो. क्रोमने 2023 मध्ये 117 व्या व्हर्जनपासून ते कुलूप काढून तिथे दोन रेघांचं सेटिंगसारखं चिन्ह ठेवलंय. साईट ठीक आहे, झोपा निवांत.

पहिलं: तुमच्याच मशीनची तारीख, आणि तुमचंच नेट

हसू नका. ऑफिसच्या जुन्या पीसीमधला सीआर 2032 चा बटण सेल मेला की लाईट जाऊन आल्यावर तारीख कुठेतरी दहाबारा वर्षं मागे जाऊन बसते, आणि मग सगळ्याच साईटी 'डेट इन्व्हॅलिड' म्हणायला लागतात. सर्टिफिकेटवर अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत असं लिहिलेलं असतं आणि ब्राउझर ते स्वतःच्या घड्याळाशी ताडून बघतो, त्यामुळे घड्याळ चुकलं की चांगलं सर्टिफिकेटही खोटं ठरतं. तुमच्या साईटसोबत इतर साईटीपण रडत असतील तर दुखणं तुमच्या साईटचं नाही, सेल बदला, विषय संपला.

मग मोबाईलचं वायफाय बंद करून मोबाईल डेटावर साईट उघडा. ऑफिसच्या नेटवर फायरवॉल किंवा अँटिव्हायरस असेल तर तो कधी कधी मध्ये घुसून स्वतःचं सर्टिफिकेट दाखवतो, कॉलेज आणि कारखान्यांच्या नेटवर हे सर्रास. डेटावर चालतंय आणि ऑफिसात नाही, तर नेटवर्क बघणाऱ्याला फोन करा, साईटवाल्याला नको. आणि दोन्हीकडे सारखंच रडतंय तर पुढे चला.

दुसरं: सर्टिफिकेट वाचा

लोक एरर बघून घाबरतात आणि सरळ होस्टिंगवाल्याला तिकीट टाकतात, सर्टिफिकेट उघडून कोणी बघत नाही. पत्त्याच्या डावीकडच्या चिन्हावर क्लिक करा, कनेक्शनच्या ओळीवर जा, तिथून सर्टिफिकेट उघडतं. तीनच गोष्टी बघायच्या: कोणाला दिलंय, कोणी दिलंय, कधीपर्यंत.

'कोणाला' मध्ये तुमचं डोमेन नसून होस्टिंगच्या सर्व्हरचं काहीतरी लांबलचक नाव दिसलं तर तुमच्या साईटवर सर्टिफिकेट लागलेलंच नाही, सर्व्हर स्वतःचं दाखवतोय. तुमचंच नाव आहे पण तक्रार येतेच, तर डब्लूडब्लूडब्लूसकट आणि त्याच्याशिवाय असं दोन्ही करून बघा. सर्टिफिकेटच्या दृष्टीने ही दोन वेगळी नावं आहेत आणि दोन्ही त्यात असायला लागतात. व्हिजिटिंग कार्डवर डब्लूडब्लूडब्लू छापलंय आणि सर्टिफिकेट बिनडब्लूचं, हे मी कितीदा बघितलंय. नंतर जोडलेल्या सबडोमेनचंही तेच, शॉप म्हणून नवीन दुकान उघडलं की त्याचं नाव जुन्या सर्टिफिकेटमध्ये आपोआप येत नाही.

देवनागरी डोमेनवाल्यांसाठी एक: .भारत 2014 पासून आहे आणि लेट्स एन्क्रिप्ट (फुकट सर्टिफिकेट देणारी सेवा) 2016 पासून अशा नावांना सर्टिफिकेट देतं, पण सर्टिफिकेटच्या आत नाव देवनागरीत नसतं, एक्सएन आणि दोन डॅशने सुरू होणारं रोमन अक्षरांचं कडबोळं असतं. ते बघून 'हे आमचं नाही' म्हणून रद्द करू नका. ते तुमचंच आहे.

'कोणी दिलं' मध्ये लेट्स एन्क्रिप्टचं नाव असेल तर त्याखाली आर 12, ई 7 असलं काहीतरी दिसतं, त्यांच्या मधल्या सह्यांची नावं आहेत ती, बदलत राहतात. तिथे 'स्टेजिंग' असा शब्द दिसला तर कोणीतरी चाचणीचं सर्टिफिकेट लावून तसंच सोडून दिलंय, त्यावर कुठलाच ब्राउझर विश्वास ठेवत नाही, नवीन खरं काढायचं. क्लाउडफ्लेअरचं (गिऱ्हाईक आणि तुमचा सर्व्हर ह्यांच्या मध्ये बसणारी सेवा) ओरिजिन सर्टिफिकेट दिसलं तर त्याबद्दल खाली लिहिलंय, तो वेगळाच घोळ आहे.

तिसरं: डोमेन जिवंत आहे का

डोमेनचं वर्ष संपलं की सर्टिफिकेटचं रिन्यू होत नाही, आणि डोमेन ज्या इमेलवर घेतलं तो इमेल पाच वर्षांपूर्वी काम करून गेलेल्या मुलाचा असतो. डोमेन विकणाऱ्याच्या पॅनेलमध्ये जाऊन एक्सपायरी बघा. फुकट आहे, दोन मिनिटं लागतात. त्याच फेरीत डोमेनचा ए रेकॉर्ड (डीएनएस म्हणजे डोमेनच्या नोंदवहीतली, नाव कुठल्या सर्व्हरकडे जायचं ते सांगणारी नोंद) तुमच्या आत्ताच्या सर्व्हरकडे जातोय का तेही बघून ठेवा. मागच्या वर्षी होस्टिंग बदललं आणि डोमेन अर्धवटच हलवलं, असं फार होतं.

चौथं: होस्टिंगच्या पॅनेलमधलं एक बटण

शेअर्ड होस्टिंग (एका सर्व्हरवर अनेकांच्या साईटी) आणि सीपॅनेल (होस्टिंग सांभाळायचं पॅनेल) असेल तर एसएसएल स्टेटस नावाचं पान असतं, त्यात डोमेनची यादी आणि 'रन ऑटोएसएसएल' बटण. दाबा आणि थोडा वेळ थांबा. ज्या नावापुढे लाल खूण राहील त्याचं कारण तिथेच लिहिलेलं असतं, आणि ते कारण वाचल्याशिवाय बटण पुन्हा पुन्हा दाबू नका, ह्याला पक्कं कारण आहे. लेट्स एन्क्रिप्ट त्याच नावांच्या संचासाठी सात दिवसांत 5 च सर्टिफिकेट देतं, आणि एका खात्यावरून एका नावाची पडताळणी (डोमेन तुमचंच आहे ना ह्याची तपासणी) तासात 5 वेळा फसली की काही वेळ दार बंद. म्हणजे चिडून बटण दाबत बसलात तर दुपारी सुटणारा प्रश्न एकदोन दिवस पुढे जातो. प्रयोगच करायचे असतील तर त्यांचं स्टेजिंग वेगळं ठेवलंय त्यावर करा, तिथली मर्यादा बरीच सैल आहे.

पाचवं: सर्टिफिकेट आलं कुठून? (इथेच खरं दुखणं)

दर तीन महिन्यांनी परत परत होतंय ना, तर त्याचं कारण साधारण इथे सापडतं. सर्टिफिकेट कोणीतरी हाताने काढलेलं असतं. कुठल्यातरी 'फ्री एसएसएल बनवा' पानावर जाऊन, डोमेन टाकून, टीएक्सटी रेकॉर्ड (डोमेन आपलंच आहे हे दाखवायला डीएनएसमध्ये टाकायची नोंद) चिकटवून, फायली उतरवून, सीपॅनेलमध्ये पेस्ट करून. त्या दिवशी चाललं, सगळे खूष. पण असं काढलेलं सर्टिफिकेट स्वतःहून रिन्यू होऊ शकत नाही, कारण दर वेळी नवा टीएक्सटी टाकायला माणूस लागतो, आणि तो माणूस 90 दिवसांनी लग्नसराईत कुठेतरी पंगतीत बसलेला असतो.

आधी निदान 'तुमची मुदत संपत आलीय' असा मेल यायचा. लेट्स एन्क्रिप्टने ते मेल 4 जून 2025 पासून बंद केले. म्हणजे आता तुम्हाला कळणार ते गिऱ्हाईकाच्या फोनवरून.

आणि मुदत वाढायची आशा सोडा, ती कमीच होत चाललीय. सर्टिफिकेट देणारे आणि ब्राउझरवाले मिळून नियम ठरवतात, त्यांनी एप्रिल 2025 मध्ये मंजूर केलं की जास्तीत जास्त मुदत 15 मार्च 2026 पासून 200 दिवस, मार्च 2027 पासून 100 दिवस आणि 15 मार्च 2029 पासून फक्त 47 दिवस. हे विकतच्यालाही लागू आहे. म्हणजे 'पैसे देतो पण वर्षभर डोक्याला ताप नको' हा सौदा आता कोणी करूच शकत नाही, पैसे वर्षाचे घेतील पण सर्टिफिकेट मध्ये मध्ये बदलावंच लागणार. त्यामुळे सर्टिफिकेट निवडताना मी पहिला प्रश्न किमतीचा विचारतच नाही. आपोआप रिन्यू होतंय का, आणि देणाऱ्याला सगळे ब्राउझर ओळखतात का. बास, दोनच प्रश्न.

ओळखतात म्हणजे काय ते सांगतो कारण इथे लोक फसतात. क्रोम, मोझिला, ॲपल, मायक्रोसॉफ्ट ह्यांच्या प्रत्येकाच्या आपापल्या याद्या आहेत, कोणाच्या सहीवर विश्वास ठेवायचा त्याच्या. त्या यादीत नाव नसेल तर तुमचं सर्टिफिकेट कितीही मजबूत असो, पडदा लालच. सीएसर्ट म्हणून सेवाभावी लोकांचा उपक्रम होता, फुकट द्यायचे, मनाने चांगले लोक, पण मोठ्या ब्राउझरच्या यादीत कधी आले नाहीत. आणि यादीत असलेलं बाहेरही काढतात. स्टार्टकॉम एके काळी फ्री सर्टिफिकेटसाठी सगळ्यांचं आवडतं होतं. 2016 मध्ये ते आणि त्याची मालक झालेली वोसाइन ह्यांचे गैरप्रकार उघड झाले, मोझिला, गुगल, ॲपलने विश्वास काढून घेतला, आणि 2018 उजाडता स्टार्टकॉमने सर्टिफिकेट देणंच थांबवलं. पैसे घेणारे पण सुटले नाहीत, सिमँटेकसारख्या मोठ्या नावाची सर्टिफिकेटं 2018 मध्ये क्रोमने नाकारली. तेव्हा विकतचं म्हणजे पक्कं हे डोक्यातून काढा.

अजून एक प्रश्न आपल्याकडे हमखास येतो, विशेषतः पतसंस्था आणि टेंडर भरणाऱ्यांकडून: 'आमच्याकडे डिजिटल सिग्नेचरचा डोंगल आहे, सरकारमान्य आहे, तोच लावा ना साईटला.' नाही लागत हो. तो माणसाच्या सहीसाठी आहे, कागदावर सही करायला, साईटच्या नावासाठी नाही. शिवाय भारताचं सरकारी रूट (ज्याच्या आधारावर खालच्या सगळ्या सह्या होतात ते मुळातलं सर्टिफिकेट) क्रोम आणि फायरफॉक्सच्या यादीत नाही. मायक्रोसॉफ्टच्या यादीत होतं आणि 2014 मध्ये त्याच्याखालच्या एनआयसी ह्या सरकारी आयटी संस्थेकडून गुगलच्या डोमेनची अनधिकृत सर्टिफिकेटं निघाल्याचं गुगलनेच पकडलं, बराच गाजावाजा झाला होता.

मग घ्यायचं कुठलं? होस्टिंगमध्येच ऑटोएसएसएल किंवा लेट्स एन्क्रिप्टची सोय असेल तर डोळे झाकून तेच, कारण रिन्यूची जबाबदारी होस्टिंगवर राहते. स्वतःचा सर्व्हर असेल तर लेट्स एन्क्रिप्ट, इंटरनेट सिक्युरिटी रिसर्च ग्रुप नावाची ना-नफा संस्था चालवते ते, डिसेंबर 2015 पासून सगळ्यांसाठी खुलं आहे. दुसरा पर्याय हाताशी हवा असेल तर गुगल ट्रस्ट सर्व्हिसेस किंवा झीरोएसएसएल, दोन्ही त्याच पद्धतीने आपोआप चालतात, फक्त आधी खातं जोडावं लागतं. झीरोएसएसएलच्या वेबसाईटवरून हाताने काढायला गेलात तर फुकटात तीनच मिळतात आणि पुन्हा तोच हाताचा घोळ, तेव्हा त्या वाटेने जाऊ नका. तुमची गिऱ्हाईकं फार जुन्या फोनवरची असतील, अँड्रॉइड 7.1.1 च्या आधीचे, तर लेट्स एन्क्रिप्टचं रूट त्या फोनमध्ये नाही, पूर्वी एका जुन्या सहीच्या आधारावर चालायचं, तो आधार 2024 च्या सप्टेंबरअखेर संपला. अशा फोनवर फायरफॉक्स आधीपासून असेल तर त्यात चालतं, त्याची यादी त्याची स्वतःची असते.

एन्क्रिप्शन फ्री आणि विकतचं दोन्हीकडे तेवढंच. विकतच्या वरच्या प्रकारात कंपनीचं नाव तपासून देतात, पण पत्त्याच्या पट्टीत ते हिरव्या अक्षरात दिसायचं तेही क्रोमने 2019 मध्ये काढून टाकलं.

सहावं: क्लाउडफ्लेअर मध्ये आहे का

'टू मेनी रीडायरेक्ट्स' असेल तर मी आधी इथेच जातो. क्लाउडफ्लेअरमध्ये एसएसएलचा मोड 'फ्लेक्सिबल' असेल तर गिऱ्हाईक ते क्लाउडफ्लेअर एचटीटीपीएस आणि क्लाउडफ्लेअर ते तुमचा सर्व्हर साधं एचटीटीपी. सर्व्हर म्हणतो एचटीटीपीएसवर या, क्लाउडफ्लेअर परत एचटीटीपीने जातो, सर्व्हर परत म्हणतो एचटीटीपीएसवर या. चालू द्या दिवसभर. सर्व्हरवर खरं सर्टिफिकेट लावून मोड 'फुल स्ट्रिक्ट' करा. फ्लेक्सिबल ठेवून रीडायरेक्ट काढून टाकला तरी पडद्यावर ठीक दिसतं, पण मागचा अर्धा रस्ता उघडाच राहतो आणि गिऱ्हाईकाला कळतही नाही, म्हणून तो उपाय मी करत नाही.

ओरिजिन सर्टिफिकेट म्हणालो होतो ते हे. क्लाउडफ्लेअर तुमच्या सर्व्हरसाठी पंधरा वर्षांपर्यंतचं सर्टिफिकेट फुकट देतं. पंधरा वर्षं ऐकून लोकांचे डोळे चमकतात. पण त्याला ओळखतं फक्त क्लाउडफ्लेअर. कोणीतरी डीएनएसमधला नारंगी ढग (गिऱ्हाईक क्लाउडफ्लेअरमधून येतंय ही खूण) बंद करून राखाडी केला की गिऱ्हाईक थेट सर्व्हरवर येतं, आणि लगेच 'अथॉरिटी इन्व्हॅलिड'. ढग परत नारंगी करा, नाहीतर लेट्स एन्क्रिप्टचं लावा.

सातवं: मिश्र मजकूर

लाल पडदा नाही, फक्त 'नॉट सिक्युअर' आणि फोटो गायब, तर सर्टिफिकेटला हात लावू नका, ते बरोबर आहे. पानात कुठेतरी फोटो, फॉन्ट किंवा फॉर्म जुन्या एचटीटीपी पत्त्याने घातलाय. वर्डप्रेसमध्ये सेटिंग्जमध्ये साईटचे दोन पत्ते असतात, दोन्ही एचटीटीपीएस करा, मग जुन्या पोस्टमधले पत्ते सर्च-रिप्लेसच्या प्लगइनने बदला. बॅकअप घेऊन, हे सांगायला लागू नये पण सांगतो.

आठवं: सर्व्हर तुमचा असेल तर

इथून पुढे टर्मिनल लागतं. ज्यांनी कधी उघडलं नाही त्यांनी 'इथे थांबा' वाचायला खाली जा.

आधी बघायचं की नवं सर्टिफिकेट डिस्कवर आहे का. सर्टबॉट (सर्टिफिकेट काढणारा आणि रिन्यू करणारा प्रोग्रॅम) असेल तर त्याच्या सर्टिफिकेट्स कमांडने तारखा दिसतात. मालवणकडच्या एका होमस्टेचं असंच होतं, सर्टबॉट म्हणतंय अजून 58 दिवस बाकी, ब्राउझर म्हणतोय काल संपलं. दोघंही खरंच बोलत होते. सर्टबॉटने वेळेवर नवीन काढून फोल्डरमध्ये ठेवलं होतं, पण एनजिनएक्स हा वेब सर्व्हर सुरू होताना सर्टिफिकेट एकदा वाचतो आणि मेमरीत धरून बसतो, त्याला रीलोड केल्याशिवाय नवं दिसत नाही. महिना-दीड महिना तो जुनंच दाखवत बसला होता, आणि जुनं चालू होतं तोवर कोणाला कळायचं काही कारणच नव्हतं. रीलोड केलं आणि एका सेकंदात साईट आली. पण नुसतं रीलोड करून उठू नका, पुढच्या वेळी परत तेच होणार, सर्टबॉटला डिप्लॉय-हुक द्या म्हणजे रिन्यू झालं की तो स्वतःच वेब सर्व्हर रीलोड करतो.

डिस्कवरपण जुनंच असेल तर रिन्यू कमांड ड्राय-रन लावून चालवा. ते स्टेजिंगवर जातं, मर्यादेत धरलं जात नाही, आणि नेमकं कुठे अडतंय ते सांगतं. मला सापडणारी कारणं ढोबळमानाने अशी:

पोर्ट 80 (साध्या एचटीटीपीचं दार) बंद. 'आम्ही फक्त सिक्युअर चालवतो' म्हणून कोणीतरी 80 बंद करतो, आणि नेहमीची पडताळणी त्याच पोर्टवर सुरू होते. 80 उघडा ठेवून तिथून 443 वर (एचटीटीपीएसचं दार) रीडायरेक्ट करा, सुरक्षेत काही कमी होत नाही.

पडताळणीच्या वेळी 'वेल-नोन' नावाच्या फोल्डरमध्ये एक फाईल ठेवली जाते आणि ती बाहेरून वाचली जाते. सर्व्हरच्या एचटीॲक्सेस नावाच्या सेटिंग फाईलमधला एखादा नियम किंवा सिक्युरिटी प्लगइन टिंबाने सुरू होणारी फोल्डरं अडवतो. त्या एका फोल्डरला सूट द्या.

जुना आयपीव्ही6 पत्ता. डोमेनला क्वाड-ए रेकॉर्ड (ए रेकॉर्डसारखाच, पण आयपीव्ही6 पत्त्याचा) असेल तर लेट्स एन्क्रिप्ट आधी तिकडे जातं. सर्व्हर बदलताना ए रेकॉर्ड बदलला, क्वाड-ए तसाच जुन्या मशीनकडे. तुमच्या नेटवर आयपीव्ही6 नसेल तर तुम्हाला साईट छान दिसते आणि पडताळणी मात्र दर वेळी फसते, माणूस वेडा होतो. वापरत नसाल तर तो रेकॉर्ड काढून टाका.

फक्त भारतातून उघडणारी साईट. पतसंस्थांच्या साईटवर हे हमखास, ऑडिटमध्ये कोणीतरी सुचवतं की परदेशी आयपी बंद करा. चांगलंच आहे, पण लेट्स एन्क्रिप्ट 2020 पासून एकाच वेळी जगातल्या वेगवेगळ्या ठिकाणांहून तपासतं आणि आपले पत्ते जाहीर करत नाही, त्यामुळे 'त्यांचा आयपी सोडा' असं करता येत नाही. अशा वेळी डीएनएसने पडताळणी करायची, डीएनएस कंपनीच्या एपीआयने टीएक्सटी आपोआप टाकणारी. वाइल्डकार्ड सर्टिफिकेटलाही (सगळ्या सबडोमेनसाठी मिळून एकच) हीच पद्धत लागते, दुसरी चालत नाही.

सीएए रेकॉर्ड. डीएनएसमध्ये लिहून ठेवता येतं की आमच्या डोमेनचं सर्टिफिकेट अमक्यानेच द्यावं, आणि सप्टेंबर 2017 पासून सगळ्यांना ते तपासणं बंधनकारक आहे. जुन्या कोणीतरी तिथे विकतवाल्या कंपनीचं नाव टाकलेलं असतं आणि लेट्स एन्क्रिप्ट नकार देतं.

नववं: लॅपटॉपवर चालतं, मोबाईलवर नाही

हे मधल्या कडीचं दुखणं. तुमच्या सर्टिफिकेटवर रूटची थेट सही नसते, मधल्या सर्टिफिकेटची असते, आणि ते मधलं सर्व्हरने सोबत पाठवायचं असतं. डेस्कटॉपचे ब्राउझर हुशार, मधलं नसलं तरी शोधून आणतात किंवा त्यांच्याकडे आधीच असतं. ॲप, पेमेंट गेटवेचा सर्व्हर, काही जुने फोन असले लाड करत नाहीत. लग्नाच्या घरी ओळख करून देणारा मामा आलाच नाही तर मुलाकडचे दारातच अडकतात, तसं. उपाय सोपा आहे, वेब सर्व्हरच्या सेटिंगमध्ये नुसत्या 'सर्ट' फाईलऐवजी 'फुलचेन' फाईलचा पत्ता द्या आणि रीलोड करा. सीपॅनेलमध्ये हाताने पेस्ट केलं असेल तर तिसरा चौकोन, सीए बंडलचा, रिकामा राहिलाय. दुरुस्त झालं का ते स्वतःच्या ब्राउझरवर बघू नका, तो तुमच्याशी गोडच बोलणार. एसएसएल लॅब्सची मोफत चाचणी आहे, त्यात साखळी अपुरी असेल तर स्पष्ट लिहून येतं.

इथे थांबा आणि माणूस बोलवा

होस्टिंग शेअर्ड असेल आणि चौथी पायरी दोनदा फसली, तर होस्टिंगला तिकीट टाका, ते त्यांचं काम आहे. तिकिटात एरर कोड, पॅनेलमधल्या नकाराची ओळ, आणि तुम्ही सर्टिफिकेट वाचून काढलेल्या तीन गोष्टी लिहा, नुसतं 'साईट बंद आहे अर्जंट' लिहिलं तर दोन दिवस ब्राउझरची कॅशे क्लिअर करायला सांगत बसतील.

त्याच सर्व्हरवर मेल चालत असेल, पेमेंट घेत असाल किंवा सभासदांचा डेटा असेल तर आठव्या पायरीला स्वतः हात घालू नका. वेब सर्व्हरची फाईल चुकली तर सर्टिफिकेटचा प्रश्न बाजूला राहतो आणि सगळंच बसतं. डीएनएसमध्ये डीएनएससेक (डीएनएसच्या नोंदींवरची सही) चालू असेल आणि पडताळणी 'सर्व्हफेल' म्हणत असेल, तरी जाणकारच लागतो. एरर पडद्यावर 'तरीही पुढे जा'ची वाटच दिसत नसेल तर साईटवर एचएसटीएस (ह्या साईटवर फक्त एचटीटीपीएसनेच जा, असा ब्राउझरला हुकूम) लावलेलं आहे, म्हणजे गिऱ्हाईकाला कुठलाच आडमार्ग नाही, ते दुरुस्त होईपर्यंत साईट त्यांच्यासाठी बंदच. तिथे प्रयोग करत वेळ घालवू नका.

प्रायव्हेट की ची (सर्टिफिकेटची गुप्त किल्ली) फाईल कोणाला व्हॉट्सॲपवर गेली असेल, किंवा एखाद्या अनोळखी 'फ्री एसएसएल' पानानेच की बनवून दिली असेल, तर साईट छान चालत असली तरी ते सर्टिफिकेट गेलं असं समजा. रद्द करायला सांगा आणि नवी की सर्व्हरवरच बनवून नवीन काढायला सांगा, जुन्याच की वर नवं सर्टिफिकेट काढून उपयोग नाही. आणि तुमच्या नावाने आजवर कोणी कोणी सर्टिफिकेट काढलीत ते सीआरटी डॉट एसएच वर डोमेन टाकलं की दिसतं, फुकट आहे. क्रोम 2018 पासून असं जाहीर नोंदलेलंच सर्टिफिकेट मानतो, त्यामुळे यादी बऱ्यापैकी पुरी असते. त्यात तुम्ही न काढलेलं काही दिसलं तर आधी होस्टिंगला आणि क्लाउडफ्लेअर असेल तर तिथे बघा, बहुतेक वेळा त्यांनीच आपोआप काढलेलं असतं. त्यांचंही नसेल तर डोमेनच्या आणि डीएनएसच्या खात्याचे पासवर्ड त्याच तासाला बदला आणि मग फोन करा.